गोळीला दुखरी जागा कळत नाही

गुडघा दुखला की गोळी, कंबर धरली की गोळी. औषधाच्या दुकानात ‘अंगदुखीवर काहीतरी द्या’ म्हटले की काम भागते. पण गोळी गुडघ्यापर्यंत नेमकी पोहोचते कशी? खरे तर ती शोधत जात नाहीच. औषध रक्तात मिसळते आणि शरीरभर फिरते. तिचा गुण यातून येतो आणि धोकाही.

इजा झालेल्या जागी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखणे तीव्र होते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही औषधे या रसायनांची निर्मिती रोखतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिनचे हे कार्य उलगडले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

अडचण अशी की हीच रसायने जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरातले पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. ती थांबली की जठरात व्रण होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. औषध रक्तातूनही जठरावर परिणाम करते, म्हणून ‘जेवून घेतली, आता काळजी नाही’ हा समज अपुरा आहे. शौचाला डांबरासारखे काळे झाल्यास तातडीने डॉक्टर गाठावा.

पॅरासिटामॉलची तऱ्हा वेगळी. ते ताप आणि वेदना कमी करते, सूज फारशी नाही. पोटाला ते सौम्य असले तरी जास्त झाले तर यकृत निकामी करू शकते. निरोगी प्रौढासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, नियमित मद्यपान असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. शिवाय पहिल्या दिवशी फारसा त्रास जाणवत नाही आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

म्हणून पाकिटावरचे औषधाचे नाव वाचा, नुसते कंपनीचे नाव नको. एकाच प्रकारच्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक नको. आणि तेच दुखणे रोज गोळी मागत असेल, तर गोळी बदलण्याआधी दुखण्याचे कारण शोधायला हवे.