सामाईक दप्तर आणि त्याचा कारभार

कोल्हापुरांतील राजारामपुरी ही वस्ती परगांवच्या माणसाला प्रथम थोडी चमत्कारिक वाटते. राजाराम महाराजांचें नांव तिला आहे. परंतु तिच्यांतील गल्ल्या ओळखल्या जातात त्या नांवांनीं नव्हे, क्रमांकांनीं. पहिली गल्ली, पांचवी गल्ली, अकरावी गल्ली, असाच पत्ता सांगावयाचा. टपालवाल्याला तेवढा आंकडा पुरतो, कारण तो क्रम साऱ्या वस्तीला मान्य आहे. हाच आंकडा दुसऱ्या एखाद्या गांवीं नेऊन तेथल्या पांचव्या गल्लींत पत्र टाकलें तर तें पोंचेल, पण भलत्याच घरीं.

युनिक्स नांवाच्या संगणकपद्धतींत माणसांची ओळखहि अशीच आंकड्यांनीं होते. आणि अनेक यंत्रांनीं मिळून एकच दप्तर वापरावयाचें ठरविलें म्हणजे कारभाराची सारी मेख या आंकड्यांतच येऊन बसते.

राजारामपुरींत घरांचे नकाशे करून देणारें एखादें कार्यालय डोळ्यांपुढें आणावें. चार टेबलें आणि चार संगणक. एक जण नकाशा काढतो, दुसरा खर्चाचा अंदाज करतो, तिसरी बाई जमाखर्च लिहिते, चौथा महानगरपालिकेकडे जावयाचे अर्ज तयार करतो. प्रत्येकानें आपापल्या यंत्रांत नकाशाची प्रत ठेवली तर एका घराचे चार नकाशे होतात. घरमालकानें जिना पूर्वेकडून उत्तरेकडे न्यावयास सांगितलें, तें एकाच प्रतींत उतरलें, आणि मंजुरीला मात्र जुना नकाशा गेला, तर ज्यानें जन्माची पुंजी घरांत घातली त्याचे महिने फुकट जातात. चूक कोणाची, हेंहि सांपडत नाहीं. कारण आपापल्या परीनें चौघेहि बरोबरच असतात.

यावर उपाय जुनाच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांचे रुमाल एके ठिकाणीं असतात; अभ्यासकानें तेथें जावें, रुमाल सोडवून घ्यावा, वाचावा, परत बांधून द्यावा. नेटवर्क फाइल सिस्टिम ही युनिक्सची सोय याहून एक पाऊल पुढें जाते. रुमाल जागेवरून हलत नाहीं, आणि तरी प्रत्येकाला तो आपल्याच टेबलावर सोडलेला दिसतो. कपाट ज्या यंत्रांत असतें त्याला सर्व्हर म्हणतात. टेबलावरचें यंत्र त्यांतील एखादा कप्पा आपल्या घरांत जोडून घेतें. या जोडणीला 'माउंट करणें' असा शब्द रूढ आहे. एकदां जोडणी झाली कीं नकाशा काढणाऱ्याला फाइल आपल्या यंत्रांत आहे कीं भिंतीपलीकडच्या, हें कळतहि नाहीं.

युनिक्सचा जन्म अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं झाला. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य कर्ते. सामाईक दप्तराची ही योजना त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १९८४ सालीं, कॅलिफोर्नियांतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें पुढें आणली. कंपनीच्या चौघां संस्थापकांपैकीं विनोद खोसला यांचा जन्म १९५५ सालीं पुण्यांत झाला, हें महाराष्ट्रांत फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. सननें योजनेचे नियम स्वतःपाशीं दडवून ठेवले नाहींत. १९८९ सालीं ते सर्वांसाठीं प्रसिद्ध झाले. १९९५ सालीं तिसरी आवृत्ति आली आणि २००० सालीं चौथी. जगांत असंख्य ठिकाणीं तिसरी व चौथी आवृत्ति आजहि शेजारीं शेजारीं चालतात.

आतां आंकड्यांकडे वळावें. फाइलीवर मालकाचें नांव दिसतें खरें, पण आंत लिहिलेला असतो तो क्रमांक. उबुंटु किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत पहिल्या माणसाला बहुधा १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्याला १००१. (लिनक्स ही युनिक्सच्याच घडणीची पद्धत होय.) चार टेबलांवरचीं चार यंत्रें चार वेगवेगळ्या दिवशीं सजविलीं, तर प्रत्येकावरचा पहिला माणूस १००० होतो. नकाशेवाला आपल्या यंत्रावर १०००, आणि जमाखर्चाची बाई तिच्या यंत्रावर १०००. नेहमींच्या साध्या जोडणींत सर्व्हर माणसाला पाहत नाहीं. समोरचें यंत्र जो क्रमांक सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. मग नकाशेवाल्यानें कुलुपांत ठेवलेली फाइल जमाखर्चाच्या बाईला सहज उघडते, आणि अर्ज लिहिणाऱ्याला स्वतःचीच फाइल 'तुम्हांस परवानगी नाहीं' असें बजावते. येथें कोणी चोरी केलेली नसते. पांचव्या गल्लीचें पत्र दुसऱ्या गांवच्या पांचव्या गल्लींत गेलेलें असतें, इतकेंच.

म्हणून सामाईक दप्तर उघडण्यापूर्वीं माणसांची एकच नोंदवही करावी लागते, आणि सर्व यंत्रांनीं क्रमांक तिच्यांतूनच घ्यावयाचे असतात. सननें अशी नोंदवही प्रथम 'यलो पेजेस' या नांवानें काढली. तें नांव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचें निघाल्यामुळें बदलावें लागलें. आज बहुतेक ठिकाणीं एल्‌डॅप नांवाची सूचि वापरतात. चारच यंत्रें असतील तर कागदावर यादी करून हातानें क्रमांक जुळविले तरी भागतें; मात्र ती यादी एकाच माणसाच्या ताब्यांत असावी. आणखी एक बारकावा असा, कीं साध्या जोडणींत एका माणसाच्या सोळापर्यंतच गटांची माहिती सर्व्हरकडे जाते. मोठ्या संस्थेंत एखाद्याला सतराव्या गटांत घातलें आणि तरीहि कप्पा उघडेना, तर दोष शोधण्यांत दिवस जातात; कारण वहींत सारें बरोबरच दिसतें.

युनिक्समध्यें शून्य क्रमांकाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला रूट म्हणतात. टेबलावरच्या यंत्राचा रूट हा सर्व्हरच्याहि कपाटाचा धनी होऊं नये म्हणून सर्व्हर त्याला दारांतच निनांवी करून आंत घेतो. ही सावधगिरी मुळांतच घातलेली असते. एखादें काम अडलें कीं ती काढून टाकण्याचा मोह होतो. काम लगेच चालूं लागतें, आणि त्याच क्षणापासून कोणत्याहि टेबलावरचा रूट सर्वांच्या फाइलींचा मालक होतो. ज्याला आंकड्यांवरचा हा भाबडा विश्वासच नको असेल त्याच्यासाठीं केर्बेरॉस नांवाची ओळखपरेड आहे, अमेरिकेंतील एम्‌. आय्‌. टी. संस्थेंत ती तयार झाली. तिच्यांत यंत्रांचीं घड्याळें जुळलेलीं असावीं लागतात. नेहमींच्या मांडणींत पांच मिनिटांहून अधिक फरक पडला तर खऱ्या माणसालाहि दार उघडत नाहीं.

कोणता कप्पा कोणाला द्यावयाचा याचा हुकूम सर्व्हरवरील 'एक्सपोर्ट्स' नांवाच्या छोट्या फाइलींत असतो. एका ओळींत प्रथम कप्प्याचें नांव, नंतर यंत्राचें नांव, आणि त्याला अगदीं चिकटून कंसांत अटी: नुसतें वाचावयाचें कीं लिहावयाचेंहि. लिनक्सवर या 'चिकटून' शब्दाला फार महत्त्व आहे. यंत्राचें नांव आणि कंस यांच्यांत एक मोकळी जागा सुटली, तर ओळीचा अर्थच फिरतो. त्या यंत्राला नुसती वाचण्याची परवानगी मिळते, आणि कंसांतील लिहिण्याची परवानगी जाते साऱ्या जगाला. शुद्धलेखनाची एवढी महागडी चूक क्वचितच दुसरी असेल. म्हणून फाइल लिहून थांबूं नये. सर्व्हरला ती पुन्हां वाचावयास सांगावें, आणि प्रत्यक्षांत काय उघडें आहे याची यादी मागावी. अशी चूक झाली असेल तर यादींत 'वर्ल्ड' हा शब्द दिसतो.

आतां सर्व्हर मुका झाला तर काय? वीज गेली, तार निखळली, असें व्हावयाचेंच. जोडणी दोन प्रकारची असते, हार्ड आणि सॉफ्ट. हार्ड जोडणींतील यंत्र उत्तर येईपर्यंत पुन्हां पुन्हां विचारीत राहतें. पडदा गोठतो, माणूस वैतागतो. सॉफ्ट जोडणींतील यंत्र कांहीं वेळानें नाद सोडून 'जमलें नाहीं' असें आपल्या कार्यक्रमाला सांगतें. हें ऐकावयास सोयीचें वाटतें. पण सारेच कार्यक्रम तें उत्तर नीट ऐकत नाहींत, आणि अर्धाच नकाशा लिहिला जाऊन तो पुरा झाल्याचा समज होतो. जेथें लिहिणें आहे तेथें हार्ड जोडणीच ठेवावी, मग टेबलावरच्याची कुरकूर ऐकावी लागली तरी चालेल. सर्व्हरच्या बाजूलाहि असाच एक मोह आहे. मजकूर तबकडीवर उतरण्यापूर्वींच पोंच देण्याची त्याला मुभा दिली तर काम झपाट्यानें होतें. पण तेवढ्यांत वीज गेली तर पोंच हातीं राहते आणि माल नाहींसा होतो.

तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सर्व्हर कोणी काय उघडलें हें लक्षांतच ठेवीत नसे. प्रत्येक मागणीबरोबर फाइलीच्या ठावठिकाण्याची चिठ्ठी यावयाची. त्यामुळें सर्व्हर बंद पडून पुन्हां उठला तरी काम जेथल्या तेथें सुरू होई. मात्र सर्व्हरची तबकडी बदलली तर जुन्या चिठ्ठ्या शिळ्या होतात, आणि यंत्र तसें स्पष्ट सांगतेंहि. तेव्हां जोडणी सोडून पुन्हां करावी; फाइल गेली म्हणून घाबरूं नये. चौथ्या आवृत्तींत सर्व्हर उघडलेल्या फाइलींची व कुलुपांची नोंद स्वतः ठेवतो. तथापि हीं कुलुपें बहुधा सभ्य माणसासाठींच असतात. जो कार्यक्रम कुलूप आहे का असें विचारीत नाहीं तो आंत शिरतो, आणि एकाच नकाशावर दोघांनीं काम केलें तर शेवटीं जतन करणाऱ्याचा नकाशा राहतो. आपण वापरतों तो नकाशाचा कार्यक्रम कुलूप विचारतो कीं नाहीं, हें दोन टेबलांवर एकच फाइल उघडून पाहिल्यास पांच मिनिटांत कळतें.

सामाईक दप्तर म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकानें फाइल पुसली कीं ती चौघांचीहि पुसली जाते. राखीव प्रत निराळी हवी, आणि ती निराळ्या इमारतींत हवी. २०१९ आणि २०२१ सालीं पंचगंगेचें पाणी कोल्हापुरांतील सखल वस्त्यांत शिरलें, तेव्हां तळमजल्यावर जें जें एकाच जागीं होतें त्याचें काय झालें तें कोल्हापुरकरांना ठाऊक आहे. महिन्यांतून एकदां राखीव प्रतींतून एखादा जुना नकाशा काढून तो खरोखर उघडतो का, हेंहि पाहावें.

राहतां राहिला रोजचा क्रम. सायंकाळीं कार्यालय बंद करतांना प्रथम टेबलांवरचीं यंत्रें जोडणी सोडून बंद करावींत, सर्व्हर सर्वांत शेवटीं. उलट केलें तर यंत्रें निघून गेलेल्या सर्व्हरची वाट पाहत लटकून राहतात, आणि घाईंत कोणी तरी बटण दाबून त्यांची वीज तोडतो. सकाळीं सर्व्हर आधीं उठवावा, आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर मग टेबलें.