दंड, दाम आणि दाद

रस्ता हा सर्वांचा आहे. त्यावर आपली मोटार वाटेल तशी उभी करून दहाजणांची वाट अडविणाऱ्याला दंड झाला, तर त्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. पदपथावर दुचाकी चढवून म्हाताऱ्याकोताऱ्यांना भर रहदारीत उतरावयास लावणारा गृहस्थ कितीही सुशिक्षित असला, तरी त्याची वकिली आम्ही करणार नाही. परंतु ज्याने नियम मोडलाच नाही त्याच्याकडून दंड घेतला जातो, किंवा ज्याचा दर कोठेही लिहिलेला नाही असा आकार वाहनतळावर मागितला जातो, तेव्हा प्रश्न केवळ काही रुपयांचा राहत नाही. तो कारभाराच्या सचोटीचा आणि नागरिकाच्या स्वाभिमानाचा होतो.

असे प्रसंग आमच्या वाचकांना अपरिचित नाहीत. सम-विषम तारखांची पाटी झाडाच्या फांदीआड दडलेली असते. चलानावर क्रमांक एकाचा आणि छायाचित्र दुसऱ्याच्याच गाडीचे असते. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईत मालाड येथे एक स्त्री आपल्या तान्ह्या मुलासह आत बसलेली असताना मोटार ओढून नेण्यात आली. त्याचे चित्रण सर्वत्र पसरल्यावर संबंधित शिपायाला निलंबित करावे लागले. २०२५ साली तर वाहतूक पोलिसांनी ई-चलानासाठी स्वतःच्या खासगी मोबाइलवर छायाचित्रे घेऊ नयेत, असा आदेश राज्यातील वरिष्ठांनाच काढावा लागला. नागरिकांची तक्रार अगदीच निराधार नव्हती, याची यापेक्षा अधिक स्पष्ट कबुली कोणती?

असे असूनही बहुतेक लोक मुकाट्याने पैसे भरतात. दंड पाचशेचा, आणि दाद मागावयाची तर एका दिवसाची रजा, दोन खेटे आणि वकिलाची भीती! हिशेबी मनुष्य सोपा मार्ग धरतो. हा अन्याय लहान आहे म्हणूनच तो टिकून आहे. तो मोठा असता तर केव्हाच कोणीतरी न्यायालयाची पायरी चढले असते.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चलान म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या कलम २०० अन्वये आपण जागेवर किंवा मोबाइलवर जी रक्कम भरतो, ती तडजोडीची रक्कम होय. ती भरली की प्रकरण मिटते आणि हरकतीचा पायाच नाहीसा होतो. तडजोड करणे न करणे हे नागरिकाच्या इच्छेवर आहे. त्याने ती नाकारली, तर गुन्हा घडल्याचे न्यायदंडाधिकाऱ्यापुढे सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७ खालील दंडाची मर्यादा पहिल्या खेपेस पाचशे आणि पुढील खेपेस पंधराशे रुपये अशी वाढविली. तेव्हा ‘जाऊ द्या, किरकोळ तर आहे’ हे म्हणणेही आता तितकेसे खरे राहिलेले नाही. लोकअदालतीत सवलत मिळते हे खरे. पण निर्दोष माणसाने निम्मा दंड भरणे म्हणजे त्याला निम्मा न्याय मिळणे नव्हे.

हरकत घ्यावयाची ती मात्र पुराव्यानिशी घ्यावी. शिपायाशी हुज्जत घालून काही निष्पन्न होत नाही. जागेचे, पाटीचे किंवा पाटी नसल्याचे छायाचित्र तेथल्या तेथे घ्यावे आणि लेखी तक्रार करावी. वाहने उभी करण्यास मनाई करणारी अधिसूचना कोणत्या तारखेची आहे, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते.

पोलिसांच्या दंडाहून वाहनतळाच्या आकाराची गोष्ट निराळी. महापालिकेच्या वाहनतळावरील ठेकेदाराचा अधिकार त्याच्या करारापुरताच असतो. करारातील दरापेक्षा एक रुपया जरी अधिक मागितला, तरी पावती आणि दरफलक मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मॉल आणि हॉटेले यांची कथा आणखी वेगळी. इमारतीच्या नियमांप्रमाणे जी जागा वाहनांसाठी सोडावीच लागते, तिचे भाडे घेता येणार नाही, असा निर्णय गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. तेलंगण सरकारने २०१८ साली आदेश काढून पहिला अर्धा तास सर्वांना मोफत ठरविला. सर्वच राज्यांत हा प्रश्न याच रीतीने सुटलेला नाही. म्हणूनच आपल्या राज्याने याविषयी संदिग्धता ठेवू नये, असे आमचे मत आहे.

पावतीच्या पाठीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे बारीक अक्षरांत छापले की आपले कर्तव्य संपले, अशी कित्येकांची समजूत असते. दिल्लीतील ताजमहाल हॉटेलात १९९८ साली कर्मचाऱ्याच्या हवाली केलेली एक मोटार चोरीस गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ही समजूत खोडून काढली. किल्ली आणि गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर आपल्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. अशा तक्रारींसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे वकील दिलाच पाहिजे असे नाही.

परंतु सारा भार नागरिकाच्या चिकाटीवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. आमच्या मागण्या माफक आहेत. प्रत्येक मनाईच्या पाटीवर अधिसूचनेचा क्रमांक आणि वेळ असावी. चलानाच्या छायाचित्रात गाडीबरोबर पाटीही दिसावी. हरकतीचा निर्णय चलान करणाऱ्याखेरीज दुसऱ्या अधिकाऱ्याने ठराविक मुदतीत, कारणे देऊन करावा, आणि तोवर वसुलीचा तगादा थांबवावा. खासगी वाहनतळाचे दर आणि अटी फाटकाबाहेर ठळक मराठीत लिहाव्यात, म्हणजे आत शिरण्यापूर्वीच माणसाला परत फिरता येईल. यांपैकी एकाही गोष्टीला फार मोठा खर्च नाही.

चूक झाली असेल तर दंड निमूटपणे भरावा; तो नागरिकाचा धर्मच आहे. चूक झाली नसेल तर तो भरू नये, हाही तितकाच धर्म आहे. ज्याला तक्रारीची वाट परवडते त्यानेही पैसे देऊन सुटका करून घेतली, तर ज्याला ती परवडत नाही त्या रिक्षावाल्याने आणि घरोघर सामान पोचविणाऱ्या पोराने कोणाकडे पाहावे? त्यांच्या दिवसभराच्या कमाईतून पाचशे रुपये गेले की उरते काय, याचा विचार आमच्या सुशिक्षित वाचकांनी पुढचे चुकीचे चलान हाती पडेल तेव्हा अवश्य करावा, आणि पैसे भरण्यापूर्वी हरकतीचा अर्ज लिहावा.