बाक उबवणारी पोरे आणि ‘हूप्स’ची फसगत

बास्केटबॉलच्या मैदानावर एका वेळी संघाचे पाचच खेळाडू उतरतात. अमेरिकेतील शालेय संघात मात्र साधारणपणे बारा ते पंधरा मुले असतात. उरलेली मुले गणवेश चढवून, बुटांच्या नाड्या आवळून रेषेबाहेरच्या बाकावर बसतात. या खेळात किती वेळा खेळाडू बदलावेत यावर बंधन नाही आणि बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो. म्हणजेच प्रशिक्षकाच्या मनात असेल तर प्रत्येकाला संधी देणे शक्य असते. तरीही बाकाच्या टोकाची चार-पाच मुले जवळपास सारा मोसम तिथेच काढतात. त्यांना ‘बेंचवॉर्मर’, म्हणजे बाक उबवणारे, असे नाव पडले आहे. क्रिकेटमधला बारावा गडी निदान पाणी घेऊन मैदानात तरी जातो. यांच्या वाट्याला तेही नाही.

अशा मुलांभोवती प्रौढांसाठीची कार्टून मालिका रचावी, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. कार्टून म्हणजे लहान मुलांचा खाऊ, ही समजूत आपल्याकडे अजूनही घट्ट असली, तरी अमेरिकेत ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका 1960 मध्येच रात्रीच्या मुख्य वेळेत, थोरामोठ्यांसाठी दाखवली जात होती. 1989 च्या डिसेंबरमध्ये ‘द सिम्प्सन्स’ आली आणि या प्रकाराला खरे बळ मिळाले. पाठोपाठ 1997 मध्ये ‘किंग ऑफ द हिल’ व ‘साऊथ पार्क’, तर 1999 मध्ये ‘फॅमिली गाय’ आली. या मालिकांचे नायक बहुधा हरलेलेच असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे वय सहसा वाढत नाही. बार्ट सिम्प्सन 1989 मध्ये दहा वर्षांचा होता, आजही तेवढाच आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी परिस्थिती फिरून मूळ जागी येते. क्रीडाकथेला मात्र प्रगती लागते. दुबळा संघ अखेर उभा राहिला पाहिजे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते. बाकावरच्या खेळाडूच्या बाबतीत हा पेच आपोआप सुटतो. तो काल बसला होता, आज बसला आहे, उद्याही बसेल. सिटकॉमला याहून सोयीचा नायक कुठे मिळणार?

नेटफ्लिक्सने 21 ऑगस्ट 2020 रोजी प्रदर्शित केलेली ‘हूप्स’ ही दहा भागांची मालिका या विषयाच्या अगदी जवळ पोहोचली होती. बेन हॉफमन यांची ही निर्मिती. स्थळ आहे केंटकी राज्यातील लेनवूड हायस्कूल, आणि ही निवड अचूक म्हणावी लागेल. केंटकीत बास्केटबॉलचे वेड मोठे. बहुतेक राज्यांत शाळांच्या आकारानुसार स्पर्धेचे गट पाडले जातात. केंटकीत मात्र लहान-मोठ्या सर्व शाळा एकाच अजिंक्यपदासाठी झुंजतात आणि अखेरच्या फेरीत सोळा संघ उरतात. अशा ठिकाणी सतत हरणारा संघ म्हणजे गावाच्या डोळ्यांतले कुसळच.

पण मालिकेचा सारा झोत पडला तो प्रशिक्षक बेन हॉपकिन्सवर. जेक जॉन्सन यांनी त्याला आवाज दिला होता. वडील माजी व्यावसायिक खेळाडू, घटस्फोटाच्या वाटेवरची पत्नी, आणि हा रद्दड संघ सुधारला की आपणही मोठ्या स्पर्धांत पोहोचू, हे त्याचे स्वप्न. हा माणूस दर वाक्याला शिवी घालतो. पहिल्या दहा मिनिटांत तिचे हसू येते, नंतर कान किटतात. समीक्षकांचीही मुख्य तक्रार हीच होती. डिसेंबर 2020 मध्ये मालिका बंद करण्यात आली.

शिव्यांमुळे ती पडली असे म्हणणे सोपे आहे. ‘साऊथ पार्क’ही काही सोवळी नाही. ‘द बॅड न्यूज बेअर्स’ या 1976 च्या चित्रपटातही प्रशिक्षक दारुडा आणि तोंडाळ होता. तिथे संघातली मुले त्याला उत्तर देत, त्याच्याशी भांडत, म्हणून त्याचा तोंडाळपणा शोभला. ‘हूप्स’मधली मुले बरीचशी ऐकून घेण्यापुरती उरली. बाकावर बसलेल्या पोरांना मालिकेनेही बाकावरच बसवले.

वास्तविक या बाकावर साहित्याचा तुटवडा नाही. मार्क टायटस हा ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघातील असाच एक बाकवीर. सामन्यानंतरच्या तक्त्यात एखाद्या खेळाडूपुढे ‘एक मिनिट’ आणि पुढे सगळ्या रकान्यांत शून्येच असली, तर ती ओळ एक ट्रिलियनसारखी दिसते. टायटसने या निष्फळ मिनिटांनाच ‘ट्रिलियन’ म्हणून मिरवले आणि 2012 मध्ये आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या शीर्षकातच तो प्रशिक्षकाला विनवतो, मला आत पाठवू नका!

हे सारे हसण्यावारी नेण्याजोगे आहे का? अमेरिकेत सुमारे साडेपाच लाख मुले शालेय बास्केटबॉल खेळतात. त्यांतील साडेतीन टक्क्यांच्या आसपास मुले महाविद्यालयीन संघांपर्यंत जातात, व्यावसायिक पातळीवर तर मूठभरच. त्यामुळे बहुसंख्यांची कारकीर्द शाळेतच संपते आणि बाकावरच्यांची सुरू होण्याआधीच.

अपवाद घडतो तेव्हा देश डोळे पुसतो. 15 फेब्रुवारी 2006 रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस अथेना हायस्कूलचा जेसन मॅकेलवेन हा स्वमग्न विद्यार्थी प्रथमच गणवेशात बाकावर बसला होता. एरवी तो संघाचा व्यवस्थापक. सामना हातात आल्यावर शेवटच्या चार मिनिटांसाठी प्रशिक्षकांनी त्याला आत पाठवले. पहिले दोन नेम चुकले. त्यानंतर त्याने लांबून तीन-तीन गुणांचे सहा गोल केले आणि एकूण 20 गुण मिळवले. सहाध्यायी मैदानात धावत आले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश त्याला भेटले. कार्टून मालिकेत मात्र पुढच्या भागात त्याला पुन्हा बाकाच्या टोकाला बसून इतरांना पाण्याच्या बाटल्या द्याव्या लागल्या असत्या.