गोडी छाटणी: तारखेआधी कामं फोडा



‘पाच तारखेला छाटणी’ एवढं लिहून भागत नाही. छाटणी, पेस्ट, फेलफूट, डिपिंग, थिनिंग, तोडणी ही मोठी कामं वहीत मांडा. मग प्रत्येक काम फोडा, एका माणसाला एका दिवसाचं सांगता येईल इतकं. (मोठ्या प्रकल्पांत यालाच वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर म्हणतात. १९६२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आणि नासानं ते मांडलं. आपल्याला वहीचं एक पान पुरतं.)

पेस्टचंच बघा. हायड्रोजन सायनामाईड छाटणीनंतर ४८ तासांच्या आत लागायला हवं. म्हणून औषध आणणं, हातमोजे-चष्मे, पेस्टची माणसं हे वेगवेगळं लिहा, समोर नाव टाका. पेस्टवाल्यांनी त्या दिवसांत दारूला हात लावायचा नाही, हे औषध दारूबरोबर अंगावर येतं. हेही एक कामच, कोण सांगणार ते लिहा. पेस्ट होईल तेवढीच बाग छाटा. नाहीतर फूट मागेपुढे होते आणि डिपिंगला घड एका अवस्थेत सापडत नाहीत.

एक्स्पोर्टवाल्यांनो, ग्रेपनेट नोंदणी, फवारणीची नोंद, रेसिड्यू सॅम्पल ही कामं बागेत दिसत नाहीत, म्हणून हमखास राहतात. तीही पानावर घ्या.

छाटणीच्या आठ दिवस आधी पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. काही सुटलं असेल तर कळवतो.

– कृषी सल्ला विभाग, पंचवटी