सीमेआधीचे स्वातंत्र्य

सत्तांतरास जून १९४८ पर्यंतची मुदत असता माउंटबॅटन यांनी ती १५ ऑगस्ट १९४७ वर आणली. या घाईचे समर्थन आम्हांस आजही पटत नाही. पंजाब व बंगाल यांची वाटणी ज्यांच्या हाती सोपविली, त्या सर सिरिल रॅडक्लिफ यांनी तोवर हिंदुस्थान पाहिलाही नव्हता! ८ जुलैस ते दिल्लीत उतरले आणि पाचेक आठवड्यांत त्यांनी काम उरकले. निवाडा प्रसिद्ध झाला तो मात्र १७ ऑगस्टला, स्वातंत्र्याचे सोहळे आटोपल्यावर. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचे निशाण चढले होते, खुलन्यात भारताचे; निवाडा नेमका उलट निघाला. तेथे निशाणे बदलून भागले. पंजाबात वाटेला लागलेल्या काफिल्यांस माघारी फिरण्यास गावच उरले नव्हते.