अनुबोधपटातील वक्ता आणि दूरचित्रवाणी

अनुबोधपटांचे वर्गीकरण सामान्यतः विषयानुसार केले जाते. शैलीच्या विचारात मात्र निराळाच प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो: चित्रपटात बोलतो कोण, आणि कोणाशी? या निकषावर अनुबोधपटाच्या तीन प्रमुख शैली संभवतात. दूरचित्रवाणीशी त्यांचा संबंध कसा जडला, हेही त्यावरून उलगडते.

पहिली शैली निवेदनप्रधान होय. पडद्यावर न दिसणारा निवेदक येथे प्रेक्षकाशी बोलतो आणि चित्रे त्याच्या विधानांना पुरावा म्हणून येतात. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे बहुसंख्य अनुबोधपट याच घाटाचे होते. एकाच चित्रावर अनेक भारतीय भाषांतील निवेदन चढविता येई, ही या शैलीची मोठी सोय. तथापि, पडद्यावरील शेतकरी वा कामगार स्वतः कोणती बोली बोलतो, हे प्रेक्षकाच्या कानी क्वचितच पडे.

दुसरी शैली मुलाखतीची. एडगर ॲन्स्टी व आर्थर एल्टन यांच्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' (१९३५) या ब्रिटिश अनुबोधपटात लंडनच्या गलिच्छ वस्तीतील रहिवासी आपल्या घरांची कैफियत स्वतःच मांडतात. एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम २०' (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुण-तरुणींना बोलते केले. हा चित्रपटही फिल्म्स डिव्हिजनचाच. येथे वक्ता बदलतो. परंतु कोणाचे किती बोलणे ठेवावयाचे, हा अधिकार संकलनाच्या मेजावरच राहतो.

तिसरी शैली निरीक्षणाची. तीत माणसे एकमेकांशी बोलतात व प्रेक्षक केवळ ऐकतो. खांद्यावर पेलणारा कॅमेरा आणि त्याच्याशी मेळ राखणारे ध्वनिमुद्रण १९६० च्या सुमारास साध्य झाल्यावर ती रूढ झाली. केनेडी व हम्फ्री यांच्या विस्कॉन्सिनमधील निवडणूक-चुरशीवरील रॉबर्ट ड्रू यांचा 'प्रायमरी' (१९६०) हा तिचा आद्य नमुना. त्यात निवेदन आहे, पण अगदी मोजके.

दूरचित्रवाणीचा प्रेक्षक घरात बसतो, मध्येच उठतो, इतरांशी बोलतो. दृष्टी हटली तरी विषयाचा धागा सुटू नये, म्हणून या माध्यमाला निवेदन सोयीचे वाटते. बीबीसीच्या 'सिव्हिलिझेशन' (१९६९) या मालिकेत केनेथ क्लार्क स्वतः पडद्यावर येऊन बोलू लागले. अदृश्य निवेदकाला जणू चेहरा लाभला. किंतु एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनेच १९७३ साली 'ॲन अमेरिकन फॅमिली' ही निरीक्षणशैलीची बारा भागांची मालिका दाखविली. म्हणजे माध्यमाच्या स्वभावाइतकेच प्रक्षेपणसंस्थेचे धोरणही निर्णायक असते.

भारतात याची प्रचीती न्यायालयात आली. धार्मिक हिंसा व पुरुषत्वाच्या कल्पना यांवरील आनंद पटवर्धन यांचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा अनुबोधपट दाखविण्यास दूरदर्शन राजी नव्हते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पटवर्धन यांच्या बाजूने निर्णय दिला. या चित्रपटात सामान्य माणसे आपापल्या शब्दांत बोलतात, आणि ते शब्द नेहमीच रुचकर नसतात.

सारांश, अनुबोधपटाची शैली ही केवळ चित्रणाची पद्धती नव्हे. ती वाणीच्या अधिकाराची वाटणी होय. दूरचित्रवाणीने ती वाणी घरोघर पोहोचविली. कोणाची वाणी पोहोचवावयाची, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नाही.