करता येतं, पण करतात का?

पलंगावरून उठून व्हीलचेअरमध्ये बसायचं, एवढंच काम असतं. मी शेजारी उभी असते. हात रुग्णाच्या अंगापासून वीतभर लांब. तोल गेला तर धरता यावं, पण तोवर स्पर्श होऊ नये. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेले काका आधी खुर्चीकडे बघतात, मग माझ्याकडे. काय करायचं ते एकदा सांगून झालेलं असतं, म्हणून मी गप्प राहते. ब्रेक लावला का, हे विचारायचं टाळते, कारण विचारलं की तीही मदतच. काका उजव्या हाताने पलंगाची कड दाबतात, पाय मागे घेतात, पुढे झुकतात. ब्रेक उघडाच आहे. आता थांबवावंच लागतं. "काका, ब्रेक." ते ब्रेक लावतात, उठतात, वळतात, बसतात आणि तेवढ्यानेच दमतात. कागदावर मी दहा लिहिते. ब्रेक आपणहून लावला असता तर पंधरा लिहिले असते.

हे गुण बार्थेल निर्देशांकाचे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात दीर्घकालीन आजारांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टर फ्लॉरेन्स माहोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी तो १९६५ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. रोजच्या दहा गोष्टी, मिळून शंभर गुण, पाचाच्या टप्प्यांनी. जेवण, कपडे, संडासला जाऊन येणं आणि जिना यांना दहा-दहा. तोंड धुणं, दाढी, केस विंचरणं सगळं मिळून पाच. अंघोळीला पाच. पलंगावरून खुर्चीत जाणं आणि सपाटीवर पन्नास यार्ड चालणं यांना पंधरा-पंधरा. उरलेले वीस लघवी आणि शौच यांवरच्या ताब्याचे. अंघोळ एवढी स्वस्त कशी, असं नवे विद्यार्थी हमखास विचारतात. गुण ठरवताना त्या दोघींनी दुसऱ्या माणसाचा वेळ आणि श्रम किती खर्च होतात हे धरलं होतं. मला हा हिशोब पटतो. अंघोळ दिवसातून एकदा. पलंगावरून हलवायला मात्र दिवसभर कुणीतरी हाताशी लागतं.

सगळं मोजमाप एका नियमावर उभं आहे. माणसाला काय करता येईल ते लिहायचं नाही, गेल्या एक-दोन दिवसांत त्याने प्रत्यक्षात काय केलं ते लिहायचं. म्हणून माझं निम्मं काम बघण्याचं आणि निम्मं विचारण्याचं. थेरपीच्या खोलीत काका शर्ट घालतात: लुळा हात आधी बाहीत, मग तो खांद्यापर्यंत ओढून घ्यायचा, मग मागून शर्ट फिरवून चांगला हात, शेवटी एका हाताने बटणं. वेळ लागतो, पण जमतं. वॉर्डात जाऊन काकूंना विचारलं, "सकाळी शर्ट कोण घालतं?" "मीच घालते हो. त्यांना येतं, पण डॉक्टरांचा राउंड असतो ना, उशीर नको." कपड्यांच्या रकान्यात शून्य पडतं. काकूंना ते लागतं. दोन आठवडे पलंगाशेजारी सतरंजीवर झोपलेल्या बाईच्या नवऱ्याला मी नापास केल्यासारखं त्यांना वाटतं. मग बसून सांगावं लागतं की हा शून्य काकांचा नाही, तुमचाही नाही. इथे वेळ कमी पडतोय एवढंच तो दाखवतो, आणि वेळ काढता येतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काकांना राउंडच्या अर्धा तास आधी उठवतो.

लघवीबद्दलचे प्रश्न मी नातेवाइकांसमोर विचारत नाही. सुनेच्या देखत कुठलीही सासू खरं सांगणार नाही. पडदा ओढून, खुर्ची जवळ घेऊन, हळू आवाजात विचारायचं: "रात्री जाग येईपर्यंत कपडे ओले होतात का, आजी?" बराच वेळ उत्तर येत नाही. मग, "कधीकधी." कधीकधी म्हणजे पाच. घरचे लोक चालण्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, पण रुग्णाला घरी नेणं झेपेल की नाही हे माझ्या अनुभवात चालण्यापेक्षा या रकान्यांवर जास्त ठरतं. रात्री दोनदा चादर बदलायची असेल तर ती कोण बदलणार, हे घरी जाण्याआधी उघड बोललं पाहिजे. ठरलेल्या वेळी बाथरूमला नेण्याची सवय लावली तर पुष्कळांचा हा आकडा सुधारतो. लाजेपोटी तो लपवला तर सुधारायला हातात काही राहत नाही.

बार्थेलचे रकाने मेरीलँडमधल्या घरांना धरून बनलेले आहेत. आपल्याकडे कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. निंबकर जन्माने अमेरिकन होत्या, संसार मात्र इथे केला. रोजची कामं पुन्हा करायला शिकवण्याचं हे शास्त्र इथल्या घरांत कसं बसवायचं हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. वॉर्डात बायका गाऊन घालतात आणि कपड्यांचे दहा गुण सहज मिळवतात. घरी गेल्यावर त्यांना नेसायची असते साडी. एका हाताने निऱ्या घालून बघा. संडासातही तेच. वॉर्डातल्या कमोडवर पूर्ण गुण मिळवणारे काका चाळीत परततात तेव्हा गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास असतो, उकिडवं बसायचा. अंघोळ बादली-तांब्याने, खाली पाटावर. उजवा हात गेलेल्या एक आजी डाव्या हाताने चमचा नीट धरायच्या, पण चारचौघांत डाव्या हाताने घास तोंडात घालायला तयार नव्हत्या. लेक भरवायची तेव्हा जेवायच्या. तक्त्यात याला जागा नाही. मी समासात लिहून ठेवते, आणि घरी जाण्याआधी साडी, पाट, तांब्या यांचाच सराव घेते.

पुढे अमेरिकेतच अठरा बाबींचं एक मोजमाप आलं, फंक्शनल इंडिपेंडन्स मेझर. प्रत्येक बाबीला एक ते सात, एकूण अठरा ते एकशे सव्वीस. त्यात समजणं, बोलणं, स्मरणशक्ती यांनाही जागा आहे. काठी लागली किंवा वाजवीपेक्षा वेळ लागला की साताचे सहा होतात. नुसतं कुणी लक्ष ठेवायला हवं असेल तर पाच. तीन आठवड्यांत काका चारावरून पाचावर आले हे त्यात दिसतं, बार्थेलमध्ये बहुधा दिसत नाही. पण गर्दीच्या वॉर्डात पाच मिनिटांत भरून होतो तो बार्थेलच.

त्यात शंभर मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही. स्वयंपाक, घरकाम, लोकांत वावरणं हे त्यात धरलेलंच नाही, हे माहोनी आणि बार्थेल यांनीच बजावून ठेवलं आहे. शंभर गुण घेऊन घरी गेलेल्या बाईला भाकरी थापता येत नाही, आणि तिच्या दृष्टीने बरं होणं म्हणजे तेच असतं. एम. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार अशा आठ बाबींची यादी केली. त्यात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं यांचे गुण देतच नसत. मी तिन्ही विचारते. बायको गेलेल्या माणसाला चहा करता येतो की नाही, हे त्याच्या पायांतल्या ताकदीइतकंच महत्त्वाचं आहे.

क्लीव्हलँडचे सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एक निरीक्षण नोंदवलं होतं: बरं होताना खाणं आधी परत येतं, कपडे आणि अंघोळ सगळ्यात शेवटी. घरी गेलेल्या रुग्णांना फोन करते तेव्हा म्हणून मी अंघोळीपासून सुरुवात करते. "कसे आहात?" विचारलं की "बरे आहेत" एवढंच कळतं. "आज अंघोळ कोणी घातली?" विचारलं की सगळं घर कळतं. काकांच्या मुलीने परवा सांगितलं, "मीच घातली, मॅडम. माझ्या मुलीची शाळेची बस सव्वासातला येते, बाथरूम अडवून ठेवता येत नाही." वॉर्डातून निघताना पाच होते, आता शून्य. आम्ही अंघोळ संध्याकाळी पाचवर नेली. पाट काढून प्लॅस्टिकचं उंच स्टूल ठेवायचं, बादली उजव्या हाताला, स्टुलाच्या उंचीला येईल अशी, लांब दांड्याचा ब्रश, आणि दाराबाहेर कुणीतरी, आत नाही. पुढच्या गुरुवारी परत फोन करायचा आहे.